सोलमध्ये हानबोक विकत घेताना : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोरियाच्या सहलीत हानबोक, म्हणजे तिथला पारंपरिक पोशाख, विकत घ्यायचा असेल तर ती खरेदी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नये, ही सूचना मी सर्वात आधी करते, कारण पुढच्या बहुतेक सूचना तिच्यातूनच निघतात. परदेशातली खरेदी निघण्याच्या आदल्या दिवशी उरकण्याची आपल्याकडे सवय असते. सामान वागवावे लागत नाही आणि उरलेल्या पैशांचा हिशेब लागलेला असतो. हानबोकच्या बाबतीत मात्र ही सवय नडते. चांगला हानबोक माप देऊन शिवून घ्यायचा असतो, त्याला दिवस लागतात, आणि घाईने उचललेला तयार जोड बहुधा फोटोपुरताच उपयोगी पडतो. माझ्या पहिल्या खेपेला विमानाच्या दिवशी दुपारी, पर्यटकांनी गजबजलेल्या गल्लीतील एका दुकानातून मी ‘रेशमी’ म्हणून जो जोड घेतला, त्याची बाही पुण्यात पहिल्याच इस्त्रीला चिकटली आणि आकसली. रेशीम असे वितळत नाही, हे तेव्हा डोळ्यांदेखत पटले.

म्हणून सोलला पोहोचल्यावर पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच कापडबाजार गाठावा, माप देऊन मोकळे व्हावे आणि मग बुसान, जोंजू किंवा जेजू बेट फिरून परत येताना तयार कपडा ताब्यात घ्यावा. सहल आखतानाच हे बसवले की बाकी सगळे सोपे आहे.

आधी ठरवावे : भाड्याने, तयार की शिवून

ज्यांना एक दिवस हानबोक घालून राजवाड्यात फिरायचे आहे आणि छायाचित्रे काढायची आहेत, त्यांनी तो विकत घेऊच नये. ग्योंगबोकगुंग राजवाड्याभोवतीच्या आणि आनगुक स्थानकाजवळच्या गल्ल्यांत भाड्याने हानबोक देणारी दुकाने एकमेकांना खेटून आहेत. दोन ते चार तासांसाठी साध्या जोडाचे भाडे साधारणपणे दहा ते तीस हजार वोन असते, आणि केस बांधून देणे, पिशवी, डोक्यावरचा साज हे कधी त्यात धरलेले तर कधी वेगळे असते. वोनमधले आकडे पाहून दचकू नये. एक लाख वोन म्हणजे आपले सहा हजार रुपयांच्या आसपास, एवढा हिशेब डोक्यात ठेवला की पुरे.

हानबोक घातलेल्यांना ग्योंगबोकगुंग, चांगदोकगुंग, चांगग्योंगगुंग, दोकसुगुंग हे राजवाडे आणि जोंगम्यो हे राजघराण्याचे पूर्वजस्थान येथे तिकीट पडत नाही. ग्योंगबोकगुंगचे तिकीट मुळात तीन हजार वोनचे, म्हणजे ही सवलत पैशांपेक्षा हौसेची आहे. अट एवढीच की वरचा आणि खालचा असे दोन्ही भाग अंगावर हवेत. जीनवर नुसते वरचे पोलके चढवून चालत नाही. पूर्वी पुरुषाने पुरुषांचा आणि स्त्रीने स्त्रियांचाच हानबोक घालावा असाही नियम होता, तो 2019 मध्ये तिथल्या मानवाधिकार आयोगाच्या शिफारशीनंतर काढला गेला. ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद असतो आणि चांगदोकगुंग सोमवारी, हे भाड्याचे पैसे भरण्याआधी पाहून घ्यावे.

भाड्याच्या दुकानांतील झगमगीत पोशाख पाहूनच विकत घ्यायच्या हानबोकची कल्पना मनात पक्की करू नये. घागऱ्याखाली तारेची कडी, पाठीवर बांधलेला मोठा रिबिनीचा बो, जागोजागी सोनेरी छपाई ही सगळी अलीकडची, पर्यटकांसाठीची सजावट आहे, आणि ती परंपरेला धरून आहे की नाही यावर खुद्द कोरियात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. मला त्या पोशाखांबद्दल तक्रार नाही. भाड्याने घ्यावा तर तोच घ्यावा, मजा येते. पण तसाच विकत घेऊन घरी आणला तर त्याचे नाटकातल्या कपड्यासारखे होते आणि तो कपाटातून पुन्हा बाहेर येत नाही.

विकत घ्यायचे ठरले तर दोन वाटा आहेत. एक ‘सेंगह्वाल हानबोक’, म्हणजे रोजच्या वापराचा सुटसुटीत हानबोक : सुती किंवा मिश्र धाग्याचा, बटणे किंवा छोटे बंद असलेला, घागरा पोटरीपर्यंतचा, मशीनमध्ये धुता येणारा. सोलमधल्याच इन्सादोंग भागातील दुकानांत हा तयार मिळतो, जीनवर किंवा कुर्त्यासारखा घालता येतो, आणि ज्यांना खरोखर वापरायचे आहे त्यांनी संकोच न करता हाच घ्यावा. दुसरी वाट ‘मात्छुम’ची, म्हणजे माप देऊन शिवून घेतलेल्या पूर्ण पारंपरिक हानबोकची. लग्नसमारंभात घालण्यासाठी, नृत्याच्या कार्यक्रमासाठी किंवा पैठणीसारखा जपून ठेवण्यासाठी ज्यांना तो हवा आहे, त्यांच्यासाठी पुढचा बराचसा मजकूर आहे.

कपड्याचे भाग ओळखून जावे

दुकानदाराशी बोलताना चार-सहा नावे माहीत असली की निम्मे काम होते. स्त्रियांच्या हानबोकमध्ये वरचे आखूड पोलके म्हणजे ‘जोगोरी’ आणि खालचा भरपूर घेराचा घागरा म्हणजे ‘चिमा’. चिमा कमरेवर नेसत नाहीत. तो छातीच्या वर बांधला जातो, आणि आजकाल त्याला बंडीसारखी खांद्यावरची पट्टी जोडलेली असते, त्यामुळे तो घसरत नाही. चिमाच्या आत ‘सोक्चिमा’ असतो, त्याला आपला परकर म्हणावे. हा परकर नसेल तर महागातला चिमाही अंगाला चिकटून लोंबतो, म्हणून किंमत विचारताना तो धरलेला आहे का, हे आठवणीने विचारावे.

जोगोरीची रचना आपल्याकडच्या बाराबंदीच्या जवळची आहे : डावा पदर उजव्यावर येतो आणि तो बंदांनी बांधतात. फरक असा की बाराबंदीचे बंद कामापुरते असतात, तर जोगोरीचे दोन लांब बंद, ज्यांना ‘गोरुम’ म्हणतात, हाच त्या पोशाखाचा दर्शनी दागिना असतो. गळ्याभोवतीच्या पट्टीवर आणखी एक अरुंद पांढरी पट्टी टाचलेली असते, तिचे नाव ‘दोंगजोंग’. बाहीच्या खालच्या कडेला काखेपासून मनगटापर्यंत जो फुगीर वळसा असतो त्याला ‘बेरे’ म्हणतात. शिवणाऱ्याचा हात ओळखायचा असेल तर जोगोरी सपाट पसरून हा वळसा पाहावा. तो एका सलग ओघात उतरत असेल, कुठेही कोपरा पडलेला नसेल आणि दोंगजोंगची दोन टोके गळ्याशी सारख्या उंचीवर भेटत असतील, तर शिलाई चांगली आहे असे समजण्यास हरकत नाही.

पुरुषांच्या हानबोकमध्ये जोगोरी लांब असते आणि खाली ‘बाजी’ असते. नाव ऐकून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पावनखिंड उभी राहते, पण तिथे बाजी म्हणजे ढगळ विजार. तिची कंबर मुळात खूप रुंद असते, ती पुढे दुमडून पट्ट्याने बांधतात आणि घोट्याशी ‘देनिम’ नावाच्या फितीने आवळतात. तयार विजारींत आता कमरेला इलॅस्टिक आणि घोट्याला बटण असते, आणि नवख्याने तशीच घ्यावी. वरून ‘बेजा’ किंवा ‘जोक्की’ ही बंडी, आणि थंडीत किंवा औपचारिक प्रसंगी ‘दुरुमागी’ हा लांब अंगरखा घालतात.

कापड : इथेच फसगत होते

बाजारात दोन शब्द कानावर पडतात. ‘बोनग्योन’ म्हणजे अस्सल रेशीम. ‘मुल-सिल्क’ म्हणजे रेशमासारखे दिसणारे पॉलिएस्टर. ‘मुल’ म्हणजे पाणी, आणि ते बिनदिक्कत पाण्यात धुता येते. बहुतेक दुकानदार हे दोन शब्द मोकळेपणाने वापरतात, फसवण्याचा हेतू नसतो. गफलत अशी होते की इंग्रजीत बोलताना दोन्हींना ‘सिल्क’च म्हटले जाते. त्यामुळे ‘हे सिल्क आहे का’ असा प्रश्न न विचारता ‘बोनग्योन का मुल-सिल्क?’ असे विचारावे. उत्तर सरळ मिळते आणि आपल्याला शब्द माहीत आहेत हे समोरच्यालाही कळते.

पैठणी पारखताना आपण जे करतो ते इथेही चालते. हातात धरल्यावर रेशीम काही क्षणांत कोमट होते, मुठीत आवळून सोडले की त्याच्या सुरकुत्या मऊ असतात. पॉलिएस्टर गारच राहते आणि ताडकन उलगडते. सर्वात खात्रीची परीक्षा म्हणजे कडेचा एखादा धागा जाळून पाहणे. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी राख उरते, पॉलिएस्टरचा मात्र कडक मणी होतो. अर्थात दुकानात काडी पेटवायची नसते. तागा कापून देताना उरलेला लहान तुकडा मागून घ्यावा आणि हॉटेलवर, न्हाणीघरात ही परीक्षा करावी. शिवायला टाकण्याच्या आदल्या दिवशी हे जमले तर उत्तम.

मुल-सिल्क घेऊच नये असे मात्र नाही. नाचाच्या वर्गासाठी, मुलांसाठी, किंवा मुंबई-कोकणातल्या दमट हवेत वारंवार घालण्यासाठी तेच बरे. वाईट आहे ते रेशमाचे पैसे देऊन पॉलिएस्टर आणणे.

रेशमातही ऋतूप्रमाणे विणी बदलतात, आणि दुकानदार पहिलाच प्रश्न ‘कोणत्या ऋतूत घालणार?’ असा करतो. ‘नोबांग’ हे कडक, पारदर्शक कापड उन्हाळ्याचे. ‘गाप्सा’ हे जाळीदार, हलके कापड उबदार दिवसांचे. ‘गोंगदान’ म्हणजे साटीन आणि ‘यांगदान’ म्हणजे नक्षी विणलेले जाड कापड थंडीचे. महाराष्ट्रात घालायचे असेल तर यांगदानचा मोह टाळावा. दुकानात वातानुकूलन असते, एप्रिलातल्या मंगल कार्यालयात ते असेलच असे नाही.

रेशमाबाहेरची दोन कापडे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. पहिले ‘मोसी’, म्हणजे रॅमी नावाच्या झाडाच्या सालीचे कापड. दक्षिण चुंगचोंग प्रांतातील हानसानची मोसी सर्वात नावाजलेली आहे. तिथल्या विणकामाला 2011 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. सालीचे तंतू बायका दातांनी चिरून बारीक करतात आणि धागा कोरडा पडून तुटू नये म्हणून दमट खोलीत बसून विणतात. या कापडाची बारकाई ‘से’ या मापात सांगतात. एका से मध्ये ताण्याचे 80 धागे धरतात, आणि से चा आकडा जितका मोठा तितके कापड तलम आणि महाग. अस्सल हानसान मोसीचा पूर्ण जोड सामान्य प्रवाशाच्या आवाक्यातला नाही, पण मोसीची एखादी जोगोरी किंवा रुमाल घेता येतो. आपल्या उन्हाळ्याला मोसीइतके मानवणारे कोरियन कापड दुसरे नाही. फक्त तिला खळ आणि इस्त्री लागते, जशी ती एके काळी आपल्याकडच्या सुती लुगड्यांना लागत असे. दुसरे ‘साम्बे’, म्हणजे भांगेच्या जातीतल्या हेम्प नावाच्या झाडाचे भरड कापड. ते प्रेताच्या वस्त्रांसाठी आणि सुतकातल्या कपड्यांसाठी वापरण्याची जुनी चाल आहे, म्हणून नुसते ‘खादीसारखे छान दिसते’ म्हणून त्याचा पूर्ण जोड शिवायला सांगू नये.

थंड प्रदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी ‘नुबी’ पाहावी. दोन कापडांमध्ये कापूस घालून त्यावर समांतर धावदोऱ्याच्या ओळी मारलेला हा कपडा गोधडीचा सख्खा चुलत भाऊ आहे, आणि त्याची बंडी साध्या कपड्यांवरही शोभते.

बाजारात

शिवून घेण्यासाठी सोलमध्ये माझी पहिली पसंती जोंगनो भागातील ग्वांगजांग बाजाराला आहे. हा बाजार 1905 मध्ये सुरू झाला. भुयारी रेल्वेच्या एक क्रमांकाच्या मार्गावरील जोंगनो 5-गा स्थानकावर उतरले की तो पायी दोन-तीन मिनिटांवर आहे. बहुतेक पर्यटक तळमजल्यावरच्या खाण्याच्या गाड्यांपाशी थांबतात, तिथे मूगडाळ वाटून केलेले ‘बिंदेत्तोक’ तव्यावर तेलात तळले जात असते आणि त्या वासाने पाऊल पुढे पडत नाही. (शाकाहारी मंडळींनी त्यात डुकराचे मांस घातले आहे का, हे आधी विचारावे, घिरडे दिसते म्हणून फसू नये.) रेशमाची आणि हानबोकची दुकाने मात्र वरच्या मजल्यावर आहेत, आणि जिने खाण्याच्या गर्दीत चटकन दिसत नाहीत. ही दुकाने रविवारी बंद असतात, खाली खाण्याच्या गाड्या चालू असल्या तरी. नेहमीच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास आवराआवर सुरू होते, तेव्हा सकाळी दहा-अकराला जावे. सोल्लाल हे चांद्र नववर्ष आणि छुसोक हा शरदातला सण या दिवसांत बाजार बंद राहतो आणि त्याआधीचे आठवडे शिंप्यांना उसंत नसते. सहलीच्या तारखा या सणांना लागून असतील तर शिवून घेण्याचा नाद सोडून तयारच पाहावे.

वरच्या मजल्यावर पोहोचले की महात्मा फुले मंडईजवळच्या जुन्या कापडगल्लीची आठवण यावी असे चित्र असते : बोळ अरुंद, दुकाने कोनाड्याएवढी, भिंतीवर छतापर्यंत रंगीत तागे, आणि उंच फळीवर मांडी घालून बसलेल्या वयस्क दुकानदारीणबाई. पहिल्या दुकानात घेऊ नये. चार-पाच ठिकाणी किंमत आणि दिवस विचारून, ज्या बाईंनी आपल्याला काय हवे ते सर्वात नीट विचारून घेतले, त्यांच्याकडे परत जावे. कारण शिवणकामात अर्धी भिस्त ऐकून घेण्यावर असते. खाणावळीत कोरियन लोक बाईंना ‘इमो’ म्हणजे चक्क ‘मावशी’ म्हणून हाक मारतात, आपल्याला ते लगेच जवळचे वाटते. पण कापडाच्या दुकानात ‘साजांगनिम’, म्हणजे ‘मालक’ असे आदराने म्हणणे बरे, ते बाईंनाही चालते.

नुसते कापड हवे असेल, पुण्या-मुंबईच्या शिंप्याकडून काही शिवायचे असेल, तर ग्वांगजांगपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर दोंगदेमुनचे मोठे कापडसंकुल आहे. तिथे मोजमाप ‘मा’ने होते, एक मा म्हणजे सुमारे 90 सेंटिमीटर, अर्थात आपला जुना वार. सोलबाहेर बुसानचा जिन बाजार आणि देगूचा सोमुन बाजार हे लग्नाच्या खरेदीसाठी स्थानिक लोक वापरतात, आणि तिथे परदेशी गिऱ्हाईक कमी असल्याने इंग्रजीही कमी चालते. जोंजूच्या जुन्या घरांच्या वस्तीत मात्र मुख्यतः भाड्याचाच व्यवहार आहे.

वाट शोधण्यासाठी गूगलच्या नकाशावर विसंबू नये. कोरियात पायी रस्ता दाखवण्यात तो तोकडा पडतो, म्हणून ‘नेव्हर मॅप’ हे तिथले नकाशाचे ॲप फोनमध्ये घ्यावे. बोलण्यासाठी पापागो हे भाषांतराचे ॲप तिथल्या दुकानदारांच्याही सवयीचे आहे.

रंग, माप आणि तारीख

रंग निवडताना बाई एक तागा आपल्या गळ्याशी धरतात आणि दुसरा त्याखाली कमरेपर्यंत सोडून देतात : वरचा जोगोरीचा, खालचा चिमाचा. मग आरशासमोर एकेक तागा बदलत जातात. इथे घाई करू नये, आणि फोनमधला फोटो दाखवून ‘अगदी असाच’ असा आग्रहही धरू नये. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णावर फिकट गुलाबी आणि फिकट निळा हे तिथले आवडते रंग अनेकदा विटके दिसतात, तर गर्द हिरवा, डाळिंबी, जांभळा खुलतो. हे त्यांनाही तागा धरताच दिसते. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली रंग फसवतात, तेव्हा शक्य असेल तर तागा खिडकीपाशी नेऊन पाहावा.

रंगांना अर्थही आहेत. हिरवी जोगोरी आणि लाल चिमा हा नववधूचा जोड मानला जातो. लग्नात वरमाईने निळ्या छटेचा आणि वधूच्या आईने गुलाबी छटेचा हानबोक घालण्याची आजची चाल आहे. कोरियातील जुन्या जोसोन राजवटीच्या काळात जोगोरीचे जांभळे गोरुम म्हणजे नवरा हयात आहे आणि मनगटाची निळी पट्टी म्हणजे मुलगा आहे, असे समजत. आज हे नियम कोणी तपासत नाही, पण कोणा कोरियन मित्राच्या लग्नाला जाण्यासाठीच हानबोक शिवत असाल तर बाईंना ते आधी सांगावे, म्हणजे त्या नववधूचा जोड तुमच्या गळ्यात मारणार नाहीत.

माप देताना अंगात पातळ कापडाचे, अंगाबरोबर बसणारे कपडे असावेत. छातीचा घेर, चिमासाठी छातीच्या वरचा घेर आणि उंची ही मापे ओळखीची आहेत. अनोळखी माप म्हणजे ‘ह्वाजांग’ : मानेच्या मागच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंत एका रेषेत घेतलेली लांबी. हानबोकच्या बाहीला खांद्यावर आपल्यासारखा मुंढा नसतो, म्हणून बाही अशी मानेपासून मोजतात. (कोरियनमध्ये याच उच्चाराचा दुसरा शब्द ‘मेकअप’ या अर्थाचा आहे, भाषांतराच्या ॲपने ‘तुमचा मेकअप लांब आहे’ असे सांगितले तर घाबरू नये.) चिमाची लांबी ठरवताना ज्या चपलांवर तो घालणार त्याच पायात असाव्यात. तयार जोगोरी घेणाऱ्यांनी हात समोर आणि वर करून पाहावे. दंडात आणि पाठीत ती आवळली तर एक माप मोठी घ्यावी, कारण शिवणीत सोडायला कापड फारसे नसते.

शिवून मिळायला सर्वसाधारणपणे आठवडा ते दहा दिवस लागतात. अडचण सांगितली तर काही जण तीन-चार दिवसांतही देतात. आगाऊ रक्कम देताना पावतीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : कापडाचे नाव, एकूण किंमत, जोडात काय काय आहे आणि कपडा घ्यायला यायची तारीख. ती तारीख परतीच्या विमानाच्या किमान दोन दिवस आधीची ठेवावी. घेऊन लगेच निघू नये. दुकानातच पूर्ण घालून पाहावे, बाईंकडून गोरुम बांधण्याचे चित्रण फोनवर घ्यावे आणि काही दुरुस्ती असेल तर ती हातासरशी करून घ्यावी.

पैसे

मुल-सिल्कचा शिवलेला जोड साधारण दोन लाख वोनपासून पुढे आणि अस्सल रेशमाचा त्याच्या दुपटी-तिपटीपासून पुढे धरून चालावे. भरतकाम आणि हाताच्या शिलाईने आकडा कुठेही जाऊ शकतो. तुळशीबागेसारखी निम्म्यावर घासाघीस इथे करू नये, ती उद्धटपणाची वाटते. एकदा नम्रपणे ‘क्काक्का जुसेयो’, म्हणजे ‘थोडे कमी करा’, असे म्हणून पाहावे आणि नाही म्हटले तर तिथेच थांबावे. त्यापेक्षा फायद्याचा शब्द आहे ‘सोबिसु’. इंग्रजी ‘सर्व्हिस’वरून आलेला हा शब्द कोरियन दुकानदारीत ‘वरची फुकट वस्तू’ या अर्थाने रूढ आहे. दोन जोड घेत असाल तर किंमत कमी करण्याऐवजी परकर किंवा ‘बोसन’ हे पांढरे मोजे सोबिसु म्हणून मागावेत. ते बहुधा हसत मिळतात.

कार्ड चालते, पण छोट्या दुकानांत रोखीचा भाव वेगळा असू शकतो. भारतीय कार्डाने पैसे काढायला ‘ग्लोबल’ असे लिहिलेले एटीएम शोधावे. किमतीत 10 टक्के मूल्यवर्धित कर असतो आणि योजनेत सामील असलेल्या दुकानात 15,000 वोन किंवा अधिक खरेदी केली तर पर्यटकाला त्याचा बराचसा भाग परत मिळतो. त्यासाठी पासपोर्ट जवळ लागतो आणि माल तीन महिन्यांच्या आत देशाबाहेर न्यावा लागतो. बाजारातली कित्येक लहान दुकाने या योजनेत नसतात, तेव्हा परतावा गृहीत धरून हिशेब करू नये.

मुलांचे आणि किरकोळ

थोडक्या पैशांत खरी, सुंदर वस्तू हवी असेल तर लहान मुलाचा हानबोक घ्यावा. कोरियात बाळाचा पहिला वाढदिवस, ‘दोल’, थाटात करतात, त्यामुळे वर्षाच्या आतबाहेरच्या मापांचे तयार जोड भरपूर मिळतात. बाहीवर रंगीत पट्ट्या असलेले ‘सेक्दोंग’ काम आणि डोक्यावरची टोपी यांनी आपल्या बाळाचे बोरन्हाण वेगळेच दिसेल. माप निवडताना वयापेक्षा उंची सांगावी आणि एक क्रमांक मोठा घ्यावा.

जोगोरीच्या बंदाला अडकवण्याचा ‘नोरिगे’ हा गोंड्याचा दागिना, वेणीची ‘देंग्गी’ फीत आणि अंबाड्यात खोवायची ‘बिन्यो’ ही आणण्याजोगी भेटवस्तू आहे. घोड्याच्या केसांची खरी ‘गात’ टोपी मात्र सामानात चेपते. तिचा विचार सोडावा.

घरी आणल्यावर

गोरुमची गाठ दोन पाकळ्यांच्या फुलपाखरासारखी नसते; एकच आडवा फास आणि खाली सोडलेली दोन टोके असे तिचे रूप असते, आणि घरी आल्यावर सर्वात आधी विसरते ती हीच. बाईंचे चित्रण इथे कामी येते.

धुण्याआधी दोंगजोंग उसवून काढावी. त्या पांढऱ्या पट्टीच्या आत ताठपणासाठी कागद असतो. मी ती न काढता जोगोरी पाण्यात बुडवली तेव्हा गळ्यापाशी नुसता लगदा झाला. मुळात ती मळली की बदलण्यासाठीच असते, शिवणसामानाच्या दुकानात तिची पाकिटे अगदी स्वस्त मिळतात, चार-पाच बरोबर आणावीत आणि लांब टाक्यांनी हाताने टाचावीत. रेशमी जोड ड्राय-क्लीनला देतानाही हे सांगावे, कारण आपल्याकडच्या दुकानदाराला ती पट्टी सुटी असते हे माहीत नसते. ठेवताना जोगोरी हँगरला न टांगता शिवणीवर घडी घालून, जुन्या मऊ धोतरात किंवा मलमलीत गुंडाळून ठेवावी, प्लास्टिकची पिशवी टाळावी आणि पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमारास एकदा सावलीत वारा द्यावा.